यकृतातले तेल आणि रक्तातले वाहक कण : पालघरच्या किनाऱ्यापासून जव्हारच्या डोंगरापर्यंत

शरीराचे रक्षण करणाऱ्या जीवनसत्त्वांपैकी अ, ड, ई आणि के ही चार पाण्यात विरघळत नाहीत, ती तेलात विरघळतात; रक्त मात्र मुख्यतः पाणीच असते. या विसंगतीवर निसर्गाने काढलेला तोडगा म्हणजे लायपोप्रोटीन, अर्थात आत मेद आणि बाहेर प्रथिनांचे व फॉस्फोलिपिडांचे वेष्टन असलेला सूक्ष्म कण, जो तेलकट पदार्थाला पोटात घेऊन रक्तातून वाहतो आणि ठरावीक पेशीपाशी नेऊन सोडतो. एखादे जीवनसत्त्व शरीरात किती गेले हा प्रश्न पोषणाच्या इतिहासात वारंवार विचारला गेला, पण ते कोणत्या वाहनाने पेशीपर्यंत पोहोचले हा प्रश्न बराच काळ मागे पडला. पालघर, बोईसर, तारापूर हा किनारी पट्टा आणि त्याच्या पाठीशी असलेला जव्हार-मोखाड्याचा डोंगराळ भाग यांचा गेल्या ऐंशी-नव्वद वर्षांचा इतिहास या दुसऱ्या प्रश्नाच्या अंगाने वाचला, तर त्यातील पुष्कळ गोष्टींचा अर्थ लागतो.

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्याच्या किनाऱ्यावर सातपाटी, मुरबे, नवापूर, तारापूर, डहाणू अशी मच्छीमारांची गावे आहेत आणि तेथे मांगेला, वैती, कोळी या समाजांची वस्ती आहे. सातपाटीचे नाव आज पापलेटमुळे घेतले जाते, परंतु या समुद्रात मोरी आणि मुशी, म्हणजे शार्कच्या लहानमोठ्या जातीही नेहमीच सापडत आल्या आहेत. मोरीच्या शरीरात इतर बहुतेक माशांप्रमाणे हवेची पिशवी नसते. पाण्यात तरंगत राहण्यासाठी ती आपल्या यकृतातील हलक्या तेलावर अवलंबून असते, त्यामुळे तिचे यकृत शरीराच्या मानाने फार मोठे आणि तेलाने भरलेले असते. पश्चिम किनाऱ्यावर माशांचे असे तेल होड्यांच्या लाकडाला लावण्याची रीत जुनी होती, कारण त्याने लाकूड पाणी धरत नाही. औषध म्हणून या तेलाकडे सरकारचे लक्ष गेले ते मात्र दुसऱ्या महायुद्धामुळे.

१९१३ साली अमेरिकेत एल्मर मॅकॉलम व मार्गरिट डेव्हिस यांनी, आणि त्यांच्यापासून स्वतंत्रपणे ऑस्बोर्न व मेंडेल यांनी, लोणी, अंड्याचा बलक व कॉडच्या यकृताचे तेल यांत उंदरांच्या वाढीला अत्यावश्यक असा मेदविद्राव्य घटक असल्याचे दाखवून दिले. पुढे त्यालाच अ जीवनसत्त्व म्हणू लागले. त्याच्या अभावी प्रथम रातांधळेपणा येतो, डोळ्याचा पांढरा भाग कोरडा पडून त्यावर फेसासारखे डाग दिसतात आणि शेवटी बुबुळ विरघळून मूल कायमचे आंधळे होते. त्याचबरोबर श्वासनलिका व आतडी यांचे अस्तर दुबळे झाल्याने गोवर आणि जुलाब यांना तोंड देण्याची शक्तीही घटते. हिंदुस्थानात यावरचा उपाय म्हणजे मुख्यतः नॉर्वेहून येणारे कॉड लिव्हर ऑइल होते. एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने नॉर्वेवर आक्रमण केले आणि तो पुरवठा तुटला. तेव्हा मद्रास सरकारने कोळिकोडला, त्रावणकोर संस्थानाने त्रिवेंद्रमला आणि मुंबई सरकारने ससून डॉकवर मोरीच्या यकृतापासून तेल काढण्यास सुरुवात केली.

या धंद्याचे तंत्र सोपे असले तरी नाजूक होते. यकृत ताजे असतानाच चिरून पाण्याबरोबर वाफेवर तापवीत, वर आलेले तेल काढून घेत, ते थंड करून गोठणारा भाग वेगळा करीत आणि मग गाळीत. यकृत कुजले किंवा तेल उन्हात व हवेत उघडे राहिले, तर त्यातील अ जीवनसत्त्व नष्ट होई. मोरीच्या जातीप्रमाणे, आकाराप्रमाणे आणि ऋतूप्रमाणे तेलाची ताकद इतकी बदले की एका पिंपाचा दुसऱ्याशी मेळ बसत नसे. काही तेले कॉडच्या तेलाच्या कितीतरी पट तीव्र असत, म्हणून ती शुद्ध शेंगदाणा तेलात मिसळून ठरावीक ताकदीवर आणली जात. ड जीवनसत्त्व मात्र मोरीच्या तेलात कमी असल्याने ते वेगळे घालावे लागे. बडोद्याच्या अलेंबिकचे शार्कोफेरॉल हे टॉनिक ज्यांच्या घरी चमचा-चमचा मोजून दिले जाई, त्या पिढीला या तेलाचा वास वेगळा सांगण्याची गरज नाही.

मच्छीमाराने समुद्रातून आणलेले यकृत हे खरे तर लायपोप्रोटीनांच्या प्रवासाचे शेवटचे स्थानक होते, ही गोष्ट त्या काळी फार थोड्यांना उमगली असावी. मोरी स्वतः अ जीवनसत्त्व बनवीत नाही. ते तिला खाल्लेल्या माशांतून मिळते, मेदाबरोबर रक्तात जाते आणि यकृतात साठते. माणसातही हेच घडते. आहारातील तयार अ जीवनसत्त्व, किंवा पालेभाज्या व पिवळ्या फळांतील कॅरोटिनपासून आतड्यात तयार झालेले अ जीवनसत्त्व, आतड्याच्या पेशी जेवणातील मेदाबरोबर एका मोठ्या लायपोप्रोटीन कणात बांधतात. या कणास कायलोमायक्रॉन म्हणतात. तो लसिकावाहिन्यांतून रक्तात उतरतो, वाटेत स्नायू आणि मेदपेशी त्यातील बराचसा मेद काढून घेतात, आणि उरलेला लहान कण यकृतापाशी पोहोचतो. त्याच्या पृष्ठभागावर ॲपोलायपोप्रोटीन ई नावाचे प्रथिन असते. पाकिटावरच्या पत्त्याचे काम ते करते. यकृताच्या पेशीवरील ग्राही प्रथिने तो पत्ता ओळखतात आणि अख्खा कण आत ओढून घेतात. जेवणात मेदच नसेल, तर कायलोमायक्रॉन पुरेसे बनत नाहीत आणि भाजीतील कॅरोटिनचा मोठा भाग तसाच बाहेर पडतो.

हे ज्ञान तुकड्यातुकड्यांनी जमा झाले. १९२९ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत मिशेल माशेबफ यांनी घोड्याच्या रक्तद्रवातून मेद आणि प्रथिन यांचा एकजीव संयुग पदार्थ प्रथम वेगळा केला. १९५० च्या सुमारास कॅलिफोर्नियातील बर्कले येथे जॉन गॉफमन यांनी प्रचंड वेगाने फिरणाऱ्या अपकेंद्री यंत्रात रक्तद्रव घालून लायपोप्रोटीनांचे घनतेनुसार वर्ग पाडले. आज रक्ततपासणीच्या अहवालात दिसणारी एलडीएल आणि एचडीएल ही अक्षरे त्याच वर्गीकरणातून आली. गॉफमन यांचे आयुष्य तारापूरच्या वाचकाला आणखी एका कारणाने जवळचे वाटावे असे आहे. त्यांनी विद्यार्थिदशेत ग्लेन सीबोर्ग यांच्याबरोबर युरेनियम-२३३ वर काम केले होते, आणि भारताच्या थोरियमवर आधारलेल्या अणुकार्यक्रमाचा भविष्यातील आधार हेच समस्थानिक मानले जाते. ऑक्टोबर १९६९ मध्ये तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांनी व्यावसायिक वीजनिर्मिती सुरू केली. त्याच वर्षी गॉफमन आणि त्यांचे सहकारी आर्थर टॅम्प्लिन यांनी किरणोत्साराचा धोका अधिकृत अंदाजापेक्षा बराच मोठा असल्याचे जाहीरपणे मांडून आपल्याच देशाच्या अणुऊर्जा आयोगाचा रोष ओढवून घेतला. हा केवळ योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही.

लायपोप्रोटीन नसले तर काय होते, याचा पुरावा एका दुर्मीळ आनुवंशिक विकाराने दिला. १९५० साली न्यूयॉर्कमध्ये बॅसन आणि कॉर्नझ्वाइग यांनी वर्णन केलेल्या या विकारात आहार व्यवस्थित असूनही रुग्णाची दृष्टी आणि मज्जासंस्था हळूहळू खालावत जाई. दहा वर्षांनी उलगडले की त्यांच्या रक्तात बीटा-लायपोप्रोटीन या गटाचे कण जवळजवळ नसतातच, आणि त्यामुळे अ व ई जीवनसत्त्वे आतड्यातून पुढे सरकत नाहीत. संरक्षक रेणू ताटात आहे, पोटातही आहे, परंतु पेशीत नाही. पालघरच्या डोंगरात, जनुकीय दोष नसताना, गरिबीने नेमकी अशीच स्थिती काही प्रमाणात निर्माण केली होती.

जव्हार, मोखाडा, विक्रमगड या तालुक्यांत वारली, कोकणा, ठाकर, महादेव कोळी, कातकरी या जमातींचे जेवण म्हणजे भात, नाचणी, वरई, थोडी डाळ आणि पावसाळ्यात भरपूर रानभाज्या. हिरव्या पाल्याची येथे टंचाई कधीच नव्हती, आणि कॅरोटिनच्या कोष्टकावरून पाहिले तर अ जीवनसत्त्वाची उणीव येथे दिसायलाच नको होती. टंचाई होती ती तेलाची. खुरासणी आणि मोहाच्या बियांचे तेल घरी असे, पण ते विकायचेही असे, आणि वर्षातील काही महिने जेवणात मेद फारच थोडा पडे. शिवाय १९६० च्या दशकात समजले जाई त्यापेक्षा भाजीतील कॅरोटिनचे अ जीवनसत्त्वात रूपांतर बरेच कमी होते. १२ मायक्रोग्रॅम कॅरोटिनपासून सुमारे १ मायक्रोग्रॅम अ जीवनसत्त्व मिळते, असे नंतरच्या अभ्यासांवरून धरले जाऊ लागले. किनाऱ्यावर तेलाने भरलेली यकृते येत होती आणि त्याच्या पाठीशी असलेल्या डोंगरातल्या पाड्यांत जेवण कोरडे होते. एकाच जिल्ह्यातील या दोन टोकांमध्ये बाजारपेठ होती ती माशाची, तेलाची नव्हे.

या पाड्यांतील मुलांपर्यंत पोहोचण्याचा मार्ग मात्र याच जिल्ह्यात शोधला गेला. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्या साथीने वारली मुलांसाठी बालशिक्षणाचे जे प्रयोग केले, त्यांतूनच मुलांना शाळेत न बोलावता त्यांच्या अंगणात शाळा भरवण्याची अंगणवाडीची कल्पना आकारास आली. १९७५ मध्ये केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा तिचे केंद्र म्हणून अंगणवाडी हेच नाव स्वीकारले गेले. त्याआधी पाच वर्षे, १९७० मध्ये, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधनावरून देशभर अ जीवनसत्त्वाचा मोठा डोस दर सहा महिन्यांनी मुलांना पाजण्याचा कार्यक्रम सुरू झाला होता. आजच्या वेळापत्रकाप्रमाणे नवव्या महिन्यात गोवराच्या लसीबरोबर १ लाख आणि नंतर पाचव्या वर्षापर्यंत दर सहा महिन्यांनी २ लाख आंतरराष्ट्रीय एकके, अशा एकूण नऊ मात्रा दिल्या जातात.

या पद्धतीचा पायाच यकृताच्या साठवणीवर आहे: जीवनसत्त्व तेलात विरघळवून दिले की कायलोमायक्रॉन ते यकृतात नेऊन ठेवतात आणि यकृत ते पुढील काही महिने थोडे थोडे सोडते. मात्र सोडण्यासाठी दुसरे वाहन लागते. यकृतातून निघताना अ जीवनसत्त्व रेटिनॉलच्या रूपात एका विशिष्ट वाहक प्रथिनाला जोडले जाते आणि ट्रान्सथायरेटिन नावाच्या दुसऱ्या प्रथिनाबरोबर रक्तात फिरते. तीव्र कुपोषणात यकृताला ही प्रथिने बनवण्यास कच्चा मालच मिळत नाही. लायपोप्रोटीनचे वेष्टनही पुरेसे बनत नसल्याने मेद यकृतातच अडकतो, यकृत सुजते, आणि जीवनसत्त्वही त्याच्याबरोबर आत कोंडून राहते. पोटात डोस गेला, वहीत नोंद झाली, आणि डोळ्याच्या पेशीपर्यंत काही पोहोचले नाही, असे घडू शकते. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी सारे राज्य हादरले, तेव्हा चर्चा स्वाभाविकपणे अन्न, आरोग्यसेवा आणि रोजगार यांभोवती फिरली. मात्रा देऊन ठेवली की एक काम संपले, हा प्रशासकीय समज त्यानंतरही पुरता गेला नाही. उत्तर प्रदेशात सुमारे दहा लाख मुलांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत या मात्रांमुळे बालमृत्यूंत अपेक्षेपेक्षा फारच कमी घट दिसली, त्यामुळे सरसकट मात्रांचा वाद अजून मिटलेला नाही.

मोरीच्या तेलाचा धंदा मात्र या वादाच्या कितीतरी आधी मावळला होता. १९४७ मध्ये स्वित्झर्लंडच्या रोश कंपनीत ओटो इस्लर यांनी अ जीवनसत्त्वाचे संश्लेषण साधले आणि काही वर्षांतच माशावर अवलंबून राहण्याचे कारण उरले नाही. भारतात हे कृत्रिम जीवनसत्त्व गवती चहाच्या तेलापासून बनवले जाऊ लागले, आणि त्याचे कारखाने पुन्हा ठाण्यातच उभे राहिले; रोशचा तेथील उद्योग १९९३ मध्ये निकोलस पिरामलकडे गेला. कोळ्याच्या हातातील एक जिन्नस अशा रीतीने औषधी रसायनांच्या कारखान्यात गेला. पुढे बोईसरजवळच्या तारापूर औद्योगिक क्षेत्रात कच्च्या औषधांचे, रंगांचे आणि रसायनांचे शेकडो कारखाने आले, तेव्हा किनाऱ्याशी त्यांचा संबंध मुख्यतः सांडपाण्याचा उरला. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने याविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. मेदात विरघळणारी विषारी द्रव्येही रक्तात लायपोप्रोटीनांवरच स्वार होऊन फिरतात आणि माशाच्या यकृतात साठतात. हे वाहन आपला प्रवासी निवडत नाही.

या वाहनाची नक्कल करण्याचे प्रयत्न १९६० च्या दशकात सुरू झाले. केंब्रिजजवळ अलेक बॅंगम यांनी अंड्यातील लेसिथिन पाण्यात हलवले असता त्याचे पोकळ, मेदाच्या दुहेरी पापुद्र्याचे सूक्ष्म फुगे बनतात असे दाखवले. त्यांना लायपोसोम म्हणतात. मुंबईच्या केईएम रुग्णालयात नीलिमा क्षीरसागर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, दिल्ली विद्यापीठातील बिमल बच्छावत यांच्या गटाबरोबर, ॲम्फोटेरिसिन-बी हे बुरशीवरील जहाल औषध अशा फुग्यांत बसवून त्याच्या चाचण्या घेतल्या. हे औषध नुसते दिले की रक्तातील लायपोप्रोटीनांना चिकटते आणि मूत्रपिंडाला इजा करते. मेदाच्या फुग्यात ठेवल्याने ती इजा कमी होते. वापरण्यापूर्वी ते रुग्णालयातच ध्वनिलहरींनी काही वेळ ढवळावे लागे, एवढी गैरसोय होती. २०२१ च्या मे महिन्यात म्युकरमायकोसिसची, म्हणजे काळ्या बुरशीच्या आजाराची, साथ पसरून लायपोसोमल ॲम्फोटेरिसिनसाठी नातेवाईक दारोदार फिरू लागले, तेव्हा वर्ध्यात त्याच औषधाचे मेदाच्या पायसातील इंजेक्शन घाईने बनवण्यास सुरुवात झाली.

खरी झेप मात्र शरीराच्या स्वतःच्या पत्त्यावरच भरवसा ठेवल्याने घेतली गेली. ब्राउन आणि गोल्डस्टीन यांनी एलडीएल कण पेशीत ओढून घेणारे ग्राही प्रथिन शोधले आणि त्यासाठी त्यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. नंतर असे दिसून आले की विशिष्ट घडणीचे कृत्रिम मेदकण रक्तात सोडले की रक्तातील ॲपोलायपोप्रोटीन ई आपोआप त्यांच्यावर बसते, आणि यकृताची पेशी त्यांना लायपोप्रोटीन समजून आत घेते. या वाटेने जाणारे पहिले आरएनए-औषध, पॅटिसिरन, २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. ते यकृतात शिरून ज्या प्रथिनाची निर्मिती थांबवते ते ट्रान्सथायरेटिनच, म्हणजे अ जीवनसत्त्वाच्या प्रवासातील दुसरा साथीदार. म्हणूनच या औषधाच्या रुग्णांना अ जीवनसत्त्व वरून घेण्याचा सल्ला दिला जातो. पुण्याच्या जेनोव्हा कंपनीने सिॲटलच्या एचडीटी बायो या कंपनीच्या सहकार्याने एमआरएनए-लशीचे काम आरंभले, तेव्हा निवडलेल्या वाहक थेंबाच्या गाभ्यात स्क्वालीन हा तैल पदार्थ होता. हा पदार्थ १९०६ मध्ये जपानचे मित्सुमारु त्सुजिमोतो यांनी शार्कच्या यकृततेलात ओळखला होता. आज तो वनस्पतींपासूनही मिळतो. २ ते ८ अंश तापमानात टिकणाऱ्या या लशीस जून २०२२ मध्ये आपत्कालीन परवानगी मिळाली.

डोंगरातील पाड्यांकडे मात्र या काळात एक जुनेच वाहन पोहोचत होते. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये आदिवासी भागातील गर्भवती व स्तनदा मातांना एक वेळचा ताजा चौरस आहार देणारी अमृत आहार योजना सुरू केली आणि पुढच्या वर्षापासून अंगणवाडीतील मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडे देण्यास आरंभ केला. कोंबडीचे यकृत आपल्या लायपोप्रोटीनांत मेद आणि ई जीवनसत्त्व भरून ती रक्तावाटे अंडाशयात पाठवते, आणि तेच कण जवळजवळ जसेच्या तसे बलकात साठतात. एका अंड्यातील सुमारे ५ ग्रॅम मेद आणि त्याहून थोडे अधिक प्रथिन ही दोन्ही वाहने एकाच कवचात पुरवतात. अंडे न खाणाऱ्या मुलांना त्याऐवजी केळी दिली जातात. केळ्यात मेद जवळजवळ नसतो आणि प्रथिनही नगण्य असते. तेव्हा त्या मुलांना सोबत शेंगदाण्याची चिक्की किंवा जेवणात दोन चमचे तेल का दिले जाऊ नये, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.